बनुबाईंची सही

चंदना मिरजेतल्या एका लॅबमध्ये गेली चौदा वर्षं रक्त तपासायचं काम करत होती. राहायला सांगलीला, आईबरोबर. सकाळी सिटी बसनं जायचं, संध्याकाळी तशाच बसनं परत यायचं. दुपारी जेवायला पाऊण तास मिळायचा. त्यातल्या दहा मिनिटांत ती डबा संपवायची आणि उरलेला वेळ कॅमेरा गळ्यात अडकवून दवाखान्यांच्या गल्ल्यांतून फिरायची.

कॅमेरा जुना होता, एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून घेतलेला. आठ वर्षांत तिनं त्यावर काय काय टिपलं होतं. दवाखान्याच्या दारातल्या चपला. कठड्यावर वाळत घातलेली लुगडी. चहाच्या टपरीवर पालथे घातलेले ग्लास. नातेवाइकांनी झाडाखाली मांडलेला स्टोव्ह. कुणी मुद्दाम बघणार नाही अशा गोष्टी. टिपताना तिला वाटायचं, हाच तो. रात्रभर तो फोटो डोक्यात राहायचा आणि सकाळी कॉम्प्युटरवर बघितला की काहीतरी कमी असायचं. काय कमी आहे ते सांगता यायचं नाही. मग दुपारी पुन्हा बाहेर.

आई, म्हणजे गुणमालाबाई, कधी कधी तिच्या मागं उभ्या राहून स्क्रीनवर बघायच्या.

"चपलाच आहेत ना गं या?"

"हो."

"मग ठीक आहे. मला वाटलं माझंच चुकतंय."

त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. पण चंदनाला त्यानंतर तासभर काही सुचायचं नाही. ती गॅलरीत जायची, परत यायची, पाणी प्यायची, पुन्हा स्क्रीनपुढं बसायची.

जानेवारीतल्या एका दुपारी तिला तो फोटो मिळाला.

एक्स-रे सेंटरच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, साठीची एक बाई उन्हाकडं तोंड करून उभी होती. हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर, बगलेत पिवळं पाकीट. तिनं दोन्ही हातांनी एक्स-रेची फिल्म सूर्यापुढं धरली होती आणि डोळे बारीक करून त्यात काहीतरी शोधत होती. ऊन फिल्ममधून झिरपून तिच्या तोंडावर पडलं होतं. बरगड्यांचे फिकट पट्टे तिच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीपर्यंत उतरले होते. चंदनानं श्वास धरला आणि तीन फोटो घेतले. चौथा घ्यायच्या आत बाईनं फिल्म खाली केली, पाकिटात सारली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदनानं भीत भीत फोटो उघडला. काही कमी नव्हतं. तिनं पुन्हा पुन्हा बघितला. आईला हाक मारली. गुणमालाबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिच्या घरचं कोण आजारी आहे गं?"

साताऱ्याचे वीरधवल सर चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. ते हौशी फोटोग्राफरांचा एक गट चालवायचे आणि दर वर्षी मार्चमध्ये साताऱ्यात प्रदर्शन भरवायचे. यंदाचा विषय होता 'रोजचं'. चंदनानं गटाच्या मोबाईल ग्रुपवर तीन फोटो पाठवले. दोन वर्षं तिचं काहीच घेतलं गेलं नव्हतं. या वेळी सरांचा स्वतःहून फोन आला.

"तुमचा एक्स-रेवाला फोटो दाराशी मोठा लावतोय. सहा फुटांचा. चपलांचाही घेतलाय, तो आत. आता एक करा. चेहरा स्पष्ट दिसतोय, तेव्हा त्या बाईंची लेखी परवानगी लागेल. फॉर्म पाठवतो. सात तारखेच्या आत द्या, आठला छपाई आहे."

चंदनाला बाईचं नावही माहीत नव्हतं. तिनं फोटो मोठा करून बघितला. बगलेतल्या पाकिटावर पेनानं लिहिलेली अक्षरं दिसत होती. सयाजी शेलार, मेढा.

मेढा म्हणजे साताऱ्याच्याही पुढं. त्या डोंगराळ भागातून साताऱ्याचे दवाखाने ओलांडून माणसं मिरजेला का आली असतील, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. पण सहा फुटांचा फोटो त्याहून मोठा होता. रविवारी पहाटेच ती उठली. साताऱ्याला उतरून तिनं मेढ्याची एसटी पकडली. फोटोची चांगली मोठी प्रिंट आणि फॉर्म असलेली फाईल पिशवीत होती. गाडी घाट चढत होती आणि ती दर पाच मिनिटांनी पिशवीत हात घालून फाईल जागेवर आहे का बघत होती.

स्टँडवर चौकशी केली. फौजी सयाजी शेलार सगळ्यांना माहीत होते. गावाबाहेर पुलापलीकडं, दोन म्हशी बांधलेल्या दिसतील तेच घर, असं एका दुकानदारानं सांगितलं. "त्यांच्याकडचंच दूध येतं आमच्याकडं," तो म्हणाला. "बनुबाई दुधात पाणी घालत नाहीत."

बनुबाई अंगणात वैरण तोडत होत्या. चंदनानं ओळखलं. तोंडावर पट्टे नव्हते एवढंच.

"मावशी, मी सांगलीची. चंदना. मिरजेच्या लॅबमध्ये काम करते."

मिरजेचं नाव ऐकताच बनुबाईंनी हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि रस्त्याकडं नजर टाकली.

"आत ये आदी," त्या म्हणाल्या. "आत ये, मग बोल."

आत गेल्यावर त्यांनी पाणी दिलं. चंदनानं प्रिंट काढून त्यांच्या हातात ठेवली. हा क्षण तिनं वाटेत दहा वेळा मनात रंगवला होता. बनुबाईंनी फोटो उजेडाला नेला.

"मीच की ही."

"हो."

"हे पट्टं कसलं तोंडावर?"

"तुम्ही एक्स-रे उन्हात धरला होता ना, त्याची सावली पडली. त्यातल्या बरगड्या आहेत."

बनुबाईंचं बोट गालावरच्या पट्ट्यांवरून फिरलं. मग त्या पाकिटापाशी थांबल्या. वाचता येत होतं त्यांना.

"मालकांचं नाव हाय ह्यावर."

"हो."

"कुणाकुणाला दावलास ह्यो?"

चंदनानं सगळं सांगितलं. प्रदर्शन, सर, साताऱ्याचं सभागृह, दाराशी लावायचा मोठा फोटो, त्यासाठी लागणारी सही. बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला, कारण बनुबाईंनी फोटो पालथा करून मांडीवर ठेवला होता.

"साताऱ्याच्या दवाखान्यात गेलं की अर्धा मेढा भेटतो," बनुबाई म्हणाल्या. "म्हणून आमी मिरज गाठली. भाऊ हाय माझा तिथं. गावात सांगितलं, माझ्या गुडघ्याचा इलाज चाललाय. दर महिन्याला गोळ्या आणाया जाते ती बी गुडघ्याच्या नावानं. आन तू त्योच कागद साताऱ्यात टांगणार व्हय?"

"टीबी आहे का?" चंदनानं हळू विचारलं.

"तुला कळत आसंल. लॅबातली तू."

"औषध सुरू होऊन किती दिवस झाले?"

"दीड महिना."

"मग आता त्यांच्यापासून कुणाला लागत नाही मावशी. आणि दुधाचा तर काही संबंधच नाही."

"तुला ठाव हाय, मला ठाव हाय. हाटेलवाल्याला सांगाया तू येणार हायस का? परवाच्या सालाला खालच्या आळीतल्या एकाला झाला, तर त्याच्या पोरीचं जमल्यालं लगीन फिसकटलं."

चंदनाला आपलीच लाज वाटली. लॅबमध्ये रिपोर्टवरचं नाव शेजारच्या माणसाला दिसू नये म्हणून ती कागद दुमडून द्यायची. चौदा वर्षं. आणि इथं एका माणसाचं नाव, गाव, छाती, सगळं तिनं गटाच्या ग्रुपवर टाकलं होतं आणि चाळीस जणांनी वा वा केलं होतं.

तरीही तिच्या तोंडून निघालंच, "पाकिटावरचं नाव पुसता येईल. कॉम्प्युटरवर. अजिबात दिसणार नाही."

"नाव पुसशील. माझं तोंड कसं पुसशील?"

तेवढ्यात मागच्या दारातून सयाजी आत आले. उंच, वाळलेले, गळ्याला मफलर, पण पाठ ताठ. कोण आलंय, कशाला आलंय, हे त्यांनी बनुबाईंच्या तोंडाकडं बघूनच ताडलं असावं.

"बघू," म्हणत त्यांनी हात पुढं केला. बनुबाईंनी फोटो दिला नाही.

"मिरजेतला हाय. एक्स-रे धरल्याला," त्या म्हणाल्या. "साताऱ्यात लावायचा म्हनत्यात. सही मागत्यात."

"मग लावू द्या की."

"आवं, काय बोलताय तुमी?"

"बावीस वर्सं फौजेत काढली. गोळीला लपलो न्हाई. आता खोकल्याला लपून बसलोय. कोण आलं की मागल्या दारानं जायचं, ही कसली ड्युटी?"

"तुमी कुठं लपताय?" बनुबाईंचा आवाज चढला नाही. "लपवतेय मी. दारोदार दूध घिऊन मी जाते. लोक तोंडावर काय बोलनार न्हाईत, नुसतं उद्यापासनं नगं म्हनत्याल. ते मला ऐकाया लागंल, तुमाला न्हाई."

चंदना उठली. तिनं प्रिंट परत घ्यायला हात पुढं केला, तर बनुबाई म्हणाल्या, "ह्यो हितंच ऱ्हाऊ दे." मग म्हणाल्या, "जेवून जा. सांगलीस्नं आलीस."

चंदनानं घोटभर चहा घेतला आणि निघाली. पुलापर्यंत आली तेव्हा मागून खोकल्याचा आवाज आला. सयाजी येत होते. धाप लागली होती. पुलाच्या कठड्याला टेकून त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "दे त्यो कागद."

"काका, मावशी नको म्हणाल्या."

"बरगड्या माझ्या हायत. दे."

त्यांनी कठड्यावर कागद ठेवून सही केली. ठळक, सरळ अक्षरात. खाली 'माजी सैनिक' असं लिहिलं. पेन परत देताना म्हणाले, "मला कुणी इचारलंच न्हाई बग. डॉक्टरनं तिला सांगितलं, तिनं भावाला सांगितलं. मी नुसत्या गोळ्या खातोय."

चंदना साताऱ्यात पोचली तेव्हा दुपार कलली होती. वीरधवल सर फ्रेमच्या दुकानात होते. तिनं फॉर्म दिला. सरांनी सही बघितली.

"घरच्यांची आहे ना?"

"त्यांच्या मिस्टरांची."

"मग झालं की." त्यांनी फॉर्म फाईलला लावला आणि तिला भिंतीला टेकून ठेवलेली सहा फुटांची रिकामी फ्रेम दाखवली. "बघा, ही तुमची."

ती फ्रेम बघून चंदनाला आनंद झाला. खोटं कशाला बोला. आठ वर्षांत पहिल्यांदा असं झालं होतं. ती सांगलीच्या गाडीत बसली, खिडकी मिळाली आणि तिनं ठरवलं की आता याचा विचार करायचा नाही.

उंब्रज येईपर्यंत तिनं स्वतःला बरंच काही समजावलं. सही आहे. नाव पुसता येईल. बनुबाई काही साताऱ्याला प्रदर्शन बघायला येणार नाहीत. फोटोत वाईट काय आहे, उलट किती सुंदर दिसतात त्या. या शेवटच्या वाक्याशी ती अडखळली. सुंदर दिसतात हे खरं होतं. पण मेढ्यातल्या कुणाला तिथं सुंदर बाई दिसली नसती. त्यांना एक्स-रे दिसला असता.

कराडच्या स्टँडवर गाडी थांबली. लोक उतरले, चढले. चंदना खाली उतरली, पुन्हा वर आली, पुन्हा उतरली. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, एक काय ते ठरवा." तिनं गाडीच्या दाराशी उभं राहूनच सरांना फोन लावला.

"सर, तो फोटो काढून टाका."

"काय झालं?"

"सही चालणार नाही."

"अहो, नवऱ्याची सही आहे."

"फोटोतली बाई नको म्हणाली सर. मी तुम्हाला सांगितलं नाही, तेव्हाच सांगायला हवं होतं."

मग सर म्हणाले, "चंदनाताई, रागावू नका, पण असा फोटो माणसाला एकदाच मिळतो. मी पस्तीस वर्षं फोटो काढतोय, मला नाही मिळाला."

"मला माहीत आहे."

"दाराशी आता काय लावू मी?"

तिनं ग्रुपवरूनही तो काढायला सांगितला. सरांनी काढला, पण नंतर आठवडाभर त्यांचा एकही मेसेज आला नाही. दाराशी दुसऱ्या कुणाचातरी उसाच्या ट्रॉलीचा फोटो लागला, हे तिला गटातल्याच एकाकडून समजलं.

त्या आठवड्यात तिनं कॅमेऱ्याला हात लावला नाही. दुपारी डबा खाऊन ती लॅबमध्येच बसायची, मग पाच मिनिटांनी उठून दारापर्यंत जायची. आईनं विचारलं, "काय हरवलंय का?" ती नाही म्हणाली.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मात्र ती गेली. आपला चपलांचा फोटो कुठं लावलाय ते तरी बघावं म्हणून. तो आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात होता. त्यापुढं एक उंच माणूस मागं हात बांधून उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मफलर. ती जवळ गेली आणि थबकली.

"काका?"

सयाजींनी वळून बघितलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "सगळा हॉल दोनदा बघून झाला. आमचा फोटू कुठं हाय?"

"नाही लावला."

"का? मी सही केल्ती की."

"मावशींची नव्हती."

त्यांनी तिच्याकडं रोखून बघितलं. चंदनाला वाटलं, आता ओरडतील. पण ते बाजूच्या बाकावर बसले.

"घरातला फोटू तिनं कुठं ठेवलाय, सांगत न्हाई," ते म्हणाले. "ट्रंका बघितल्या, माळा बघितला. म्हटलं साताऱ्यात तर दिसंल. बँकेत काम हाय सांगून आलो."

म्हणजे त्यांनी फोटो अजून बघितलाच नव्हता. पुलावर न बघताच सही केली होती. चंदनानं मोबाईल काढला. एक प्रत तिच्याकडं होती. सयाजींनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि मोबाईल दोन्ही हातांनी धरला. तिनं फोटो मोठा कसा करायचा ते दाखवलं. त्यांनी मोठा केला, सरकवला, परत लहान केला. खोलीत दोन कॉलेजच्या मुली शिरल्या, भिंतीवरचं बघून निघून गेल्या. सयाजी बघतच होते.

"ही त्या दिवशी मला म्हणाली, एक्स-रेमधी काय न्हाई, सगळं चांगलं हाय," ते म्हणाले. "मी रिक्षात बसलो हुतो पलीकडं. मला वाटलं, खरंच काय न्हाई."

फोटोत बनुबाईंचे डोळे बारीक झाले होते, ओठ घट्ट मिटलेले. चंदनाला वाटलं होतं की त्या फिल्ममध्ये काहीतरी शोधताहेत. आता तिला कळलं की ते आधीच सापडलं होतं.

"काका, हा माझ्याकडून पुसून टाकू का? सांगाल तसं करते."

"मला नगं इचारू. तिचं तोंड हाय. माझं ऐकून सही घेतलीस, मग माझं न ऐकता काढलास. आता तिलाच इचार." त्यांनी मोबाईल परत दिला. "पण ती हो म्हणायची न्हाई. कोर्स संपला, ठणठणीत झालो, तरी न्हाई. मी वळखतो तिला."

"मग?"

"मग काय. न्हाई तर न्हाई." ते उठले. चपलांच्या फोटोकडं त्यांनी हात केला. "ह्यो तुझा हाय ना? ह्यात बघ, सगळ्यांच्या चपला वाकड्यातिकड्या. दवाखान्यात शिरताना कुणी चप्पल नीट काढत न्हाई. आमच्या बी अशाच हुत्या."

चंदनानं आपलाच फोटो पुन्हा बघितला. आठ वर्षांत तिच्या हे लक्षात आलं नव्हतं.

ती त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेली. मेढ्याची गाडी लागलेली होती. चढताना सयाजी म्हणाले, "मी आल्तो हे तिला सांगू नगंस." मग दोन पायऱ्या चढून परत वळले. "आन तू येत जा कवातरी. ती इचारत हुती, जेवून का न्हाई गेली म्हणून."

गाडी निघून गेली. चंदनानं सांगलीची गाडी कुठली ते विचारलं आणि आत जाऊन बसली. मोबाईल उघडला, फोटो समोर होता. पुसायचं बटण तिला माहीत होतं. तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला, परत काढला. येत्या रविवारी मेढ्याला जायचं आणि विचारायचं, एवढं तिनं ठरवलं. बनुबाई नाही म्हणतील, तेव्हा तिथंच त्यांच्यासमोर पुसून टाकायचा. हे ठरलं तरी तिला बरं वाटलं नाही. गाडी सुटेपर्यंत ती तीन वेळा जागा बदलून बसली.